चाकामागचे दगड

"गप बसा अन् फिरवा."

गाडीचं दुखणं सांगायला कोणी तोंड उघडलं की मिस्त्री उजव्या हाताचा पंजा वर करायचे आणि एवढंच म्हणायचे. समोर ऊस बागायतदार असो, पोलीस असो की मी असो. त्यांचं म्हणणं असं, की खर्चाला भ्यालेला माणूस दुखणं कमी करून सांगतो आणि अपघाताला भ्यालेला वाढवून सांगतो. म्हणून आधी गाडी फिरवायची. गॅरेजपुढे शंभर-सव्वाशे फूट मोकळी जागा होती, तिच्यात गोल गोल. मिस्त्री पुढच्या चाकाशेजारी, मडगार्डवर हात ठेवून, गाडीबरोबर चालायचे. आडमुठ्या म्हशीला कोणी गोंजारत नेत असावं तसं ते दिसे.

गॅरेज म्हणजे शिंगणापूरच्या रस्त्यावर, आमच्या फाट्यावर, एक पत्र्याची शेड आणि तिच्यामागे दोन खोल्यांचं घर. त्याच फाट्यावर माझं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, मका भरडा, कांडी. एक पिकअप आहे, तिच्यावर वाड्यावस्त्यांवर माल पोचवतो. माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. माझा वजनकाटा बरोबर असतो, आणि गावात दोघांत वाद झाला की "शेठला विचारा, तो खोटं बोलायचा न्हाई" असं म्हणतात. त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त असते. चुलतभावाच्या सोयरिकीत मुलीकडच्यांनी विचारलं, तेव्हा मी त्याचं खरं वय सांगून बसलो होतो. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

शनिवारी आमच्या भागात कोणी लोखंड विकत घेत नाही, तेलही घेत नाही. शनिदेवाचा वार. आणि फाट्यावर सगळ्यात जास्त गाड्या त्याच दिवशी, दर्शनाला येणाऱ्यांच्या. त्यातली एखादी बंद पडली आणि तिला नवा सुटा भाग लागला, तर काय करायचं? मिस्त्रींनी यावर तोड काढली होती. ते म्हणायचे, "आज उसना न्या. उद्या इकत घ्या." लांबच्या गिऱ्हाइकाला ते बजावून सांगत, "रात्री बारा वाजून गेल्यावर फोनवरनं पैशे टाका. आधी टाकले तर माझ्या डोक्यावर साडेसाती." पुण्या-मुंबईचे लोक हसायचे, पण पैसे रविवारीच टाकायचे.

ही युक्ती त्यांच्या घरात मात्र चालत नसे. घरात वहिनींचं राज्य होतं. वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको, आणि त्यांचं तोंड म्हणजे सगळ्या फाट्याची करमणूक. शेडच्या मागून आवाज यायचा, "आवो, जेवाय येता का त्या इंजनातच कालवन वाढू?" किंवा, "गाडीखाली काम करताय का झोपलाय? पाय तरी हलवा, म्हंजी जित्ते हाय ते कळंल!" आम्ही चहा पीत बसलेले हसायचो. मिस्त्री गाडीखालून एक पाय हलवून दाखवायचे आणि म्हणायचे, "शेठ, ही वरडती हाय म्हंजी समदं ठीक हाय."

तो शनिवार होता. माझ्या पिकअपला आवाज येत होता. सरळ रस्त्याला काही नाही. उजवीकडे वळलं की पुढून टक्, टक्, टक्. माल भरला की जास्त. मी सांगायला लागलो, पंजा वर झाला. मी गप बसलो आणि फिरवली.

डावीकडे तीन फेऱ्या, काही नाही. उजवीकडे पहिल्याच फेरीत टक्. मिस्त्रींनी गाडी थांबवायला लावली. "आता जाग्यावर हुबी ठिवा अन् नुसतं स्टिअरिंग फिरवा." मी फिरवलं. टक्. "चाक फिरत न्हाई, तरी वाजतंय. म्हंजी बेअरिंग न्हाई," ते म्हणाले. मग वाकून एक हात त्यांनी पुढच्या पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगवर ठेवला. "फिरवा." मग स्टिअरिंगच्या दांड्याच्या सांध्यावर. "फिरवा." मग चाकाच्या आत, खालच्या बाजूला. तिथे हात ठेवल्यावर ते थांबले, आणि डॉक्टर नाडी सापडल्यावर बघतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हितं टोचतंय. खालचा बॉल जॉइंट. चाक काढून बघू, रबर फाटलं आसंल."

जॅक लावताना ते हसत म्हणाले, "ह्यो म्हातारा झालाय. तेल सोडतो, बसत जातो. आज सोनईला जाऊन नवा आनायचा हुता, तर घरातनं हुकूम आला, शनवारी लोखंड घरात न्हाई. म्हटलं ऱ्हाऊ दे, उद्या आनू." मागच्या चाकांना दगड लावले. डावीकडचा त्यांनी लावला, उजवीकडचा मी. मिस्त्रींनी तो पायाने आणखी आत सारला. दगड लावल्याशिवाय त्यांनी कधी जॅकचा दांडा हलवल्याचं मी पाहिलेलं नाही.

चाक काढलं. "नुसतं बघतो," म्हणून ते बॅटरी घेऊन आत सरकले. मी दोन पावलांवर उभा होतो. जॅक एका अंगाला बसला आणि गाडी त्यावरून उतरली. एवढंच. मोठा आवाजही झाला नाही.

फाट्यावरच्या सात-आठ जणांनी गाडी उचलली, मिस्त्रींना बाहेर ओढलं. दगड कोणाच्या तरी पायाने बाजूला लोटले गेले. वहिनी तेव्हा बहिणीच्या शेतात खुरपायला गेल्या होत्या. त्यांना निरोप गेला आणि त्या तिकडूनच नगरला दवाखान्यात आल्या. त्या यायच्या आधी, कमरेचा एक्स-रे काढायला नेण्याआधी, मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. तोंडाला कोरड पडलेली, ओठ पांढरे. मला वाटलं, पाणी मागतायत. ते म्हणाले, "शेठ, जॅक उचला तिथनं. भंगारात घाला. तिला दिसता कामा न्हाई."

मला तेव्हा समजलं नाही. वहिनी आल्यावर समजलं. त्या आल्या त्या कपाळ बडवतच. "म्या आडवलं! जॅक आनाय निगाले हुते, म्या आडवलं! शनवार शनवार करत बसले!" मिस्त्रींनी डोळे उघडले आणि जमेल तेवढ्या खणखणीत आवाजात म्हणाले, "गप आगं. जॅकला काय धाड भरली? जॅक धड हुता. चाकामागं दगड लावायचं म्याच इसारलो. गाडी सरकली. शेठ हुते की तिथं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पण विचारलं नाही. तेवढ्यात मिस्त्रींना आत घेतलं आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी जॅक श्रीरामपूरला नेऊन भंगारात घातला.

कमरेखालचं सगळं गेलं होतं. बरेच महिने अंथरुणात काढल्यावर मिस्त्रींनी हट्ट धरला की खाट बाहेर काढा. नुसती घरातून नव्हे, शेडमधूनही बाहेर. मोकळ्या जागेच्या मधोमध. वर चार बांबूंवर ताडपत्री. लोकांना वाटलं, माणसाला उजेड हवा असेल. मिस्त्रींनी पहिल्याच आलेल्या गाडीवाल्याला पंजा दाखवला आणि म्हणाले, "गप बसा अन् फिरवा. माझ्याभवती."

तुम्ही कधी शिंगणापूरला त्या रस्त्याने गेला असाल तर तुम्हीही ते पाहिलं असेल. खाटेवर उशाला टेकलेला माणूस, डोळे मिटलेले, आणि त्याच्याभोवती फिरणारी पिकअप, टेम्पो, कधी ट्रॅक्टर. चाकाशेजारून हात ठेवून चालायला आता वहिनी होत्या. खाटेवरून सूचना जायच्या. "पाट्याला हात लाव. काय लागतंय?" "काय न्हाई." "सांध्याला लाव." "आवो, हितं मुंगी चावल्यावानी हुतंय." "मुंगी का इचू?" "मुंगीच." "मंग ग्रीस मार, भागंल."

पान्यांचे आकडे वहिनी दोन आठवड्यांत शिकल्या. नट किती आवळायचा ते शिकायला जास्त वेळ गेला. एकदा एक ट्रकवाला त्यांना पाहून म्हणाला, "बाईमानसाच्या हातानं नट घट व्हईल का, मिस्त्री?" वहिनींनी पाना त्याच्या हातात दिला. "सोडून दाखवा." तो लोंबकळला, पाना वाकायची वेळ आली, नट हलला नाही. खाटेवरून मिस्त्री म्हणाले, "सोडा आता. पाना आमचा हाय."

सुरुवातीला काही जण नुसत्या कीवेपोटी यायचे. एक कांदेवाला आला, आवाज येतोय म्हणाला. त्याने सात-आठ फेऱ्या मारल्या. मिस्त्रींनी डोळे उघडले. "हिला काय बी झालं न्हाई. तुला काय झालंय ते बोल." कांदेवाला मान खाली घालून म्हणाला, "तुमाला बघाय आलो हुतो." "मंग च्या पी. गाडी कशाला दमवली?"

हे सगळं हसण्यासारखं होतं, आणि आम्ही हसतही होतो. पण एक गोष्ट फाट्यावरच्या सगळ्यांच्या ध्यानात आली होती. वहिनींचा आवाज गेला होता. म्हणजे त्या बोलायच्या, कामापुरतं. पण नवऱ्यावर ओरडायच्या नाहीत. मिस्त्रींनी मुद्दाम चहा सांडला तरी नाही. ताट बाजूला सारलं, मीठ कमी आहे म्हणाले, तरी नाही. "चुकलंच माझं," म्हणत त्या मीठ आणायला जायच्या. दोन शब्द, आणि ते प्रत्येक गोष्टीला.

आणि मिस्त्री? गाडी उचलायची वेळ आली की ते प्रत्येकाला आपली गोष्ट सांगायचे. "दगड लावा. माझ्यावानी करू नगा. म्या इसारलो, बघा कसा पडलोय." वहिनी ऐकतील अशा आवाजात सांगायचे. हळूहळू ती गोष्ट पसरली. राहुरीपासून नेवाशापर्यंत गॅरेजांतून पोरांना शिकवताना त्यांचं उदाहरण द्यायला लागले. हलगर्जी मिस्त्री, दगड लावायला विसरला आणि जन्माचा गेला. मी एका ठिकाणी हे माझ्या कानांनी ऐकलं. बोलणारा त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी टायरची हवा तपासून बाहेर पडलो.

त्या दिवशी परत येताना मी खाटेपाशी थांबलो. वहिनी दळण आणायला गेल्या होत्या. मी विचारलं, "मिस्त्री, स्वतःचं नाव असं का घालवताय?"

ते म्हणाले, "शेठ, माझी कंबर गेली ती गेली. तिला अजून लई उठायचं-बसायचं हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "घर गप झालंय हो. पयलं कसं, ती वरडायची, म्या पाय हलवायचो. आता पाय बी हलत न्हाई अन् ती बी वरडत न्हाई."

"पण त्यांचा विश्वास बसलाय का?"

"अर्धा," ते म्हणाले. "बाई हुशार हाय. म्हनून तर तुमाला इचारत न्हाई. तुमी खोटं बोलायचे न्हाई, हे तिला ठावं हाय. भेतीय."

"आणि विचारलं तर?"

"ते तुमचं तुमी बघा. म्या सांगनार न्हाई. तुमाला शिकवाय जायचं म्हंजी..." आणि ते हसले. हसताना आता त्यांना खोकला यायचा.

एवढंच आमच्यात झालं. पुन्हा तो विषय निघाला नाही. पण त्यानंतर वहिनी दुकानात पेंड न्यायला आल्या की मला हिशेबात चुकायला व्हायचं. त्या पिशवी घेऊन क्षणभर जास्त उभ्या राहायच्या. मी वजनाकडे बघायचो.

अशी काही वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात मिस्त्रींना ताप यायला लागला. पाठीला जखमा होत्याच, मग दुखणं मूत्रपिंडांपर्यंत गेलं. नगरला दोनदा नेऊन आणलं. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा त्यांना गाड्यांचे आवाज ओळखू येत होते, माणसांचे नाही. वहिनी उशाशी बसून राहिल्या होत्या. मी गेलो तेव्हा त्या त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होत्या आणि पुटपुटत होत्या, "चुकलं माझं. चुकलंच माझं." मिस्त्री पहाटे गेले. मला वाटतं, शेवटचे शब्द त्यांच्या कानावर पडले असतील तर हेच.

तेरावं झालं. फाट्यावरचे म्हणाले, आता शेड बंद होणार. झाली नाही. महिनाभराने वहिनींनी कुलूप काढलं. खाट कोणाला तरी देऊन टाकली होती. मोकळ्या जागेत काही नव्हतं.

योगायोग म्हणा, माझ्याच पिकअपला आवाज सुरू झाला. या वेळी डावीकडे वळताना. मी गाडी नेली. कोणी पंजा वर केला नाही, तरी मी काही बोललो नाही. फिरवली. वहिनी मडगार्डवर हात ठेवून शेजारून चालल्या. मग उभी करायला लावली, स्टिअरिंग फिरवायला लावलं, पाटे, सांधा, मग चाकाच्या आत हात. तिथे थांबल्या. "तसलंच हाय," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूचं." आणि त्या जॅक आणायला गेल्या. नवा, मिस्त्रींनी नंतर मागवलेला, चांगला वजनदार.

मी उतरून उभा राहिलो. त्यांनी एका चाकामागे दगड लावला. दुसरा उचलला आणि तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तवा तुमी हितंच हुता."

"होतो."

"तुमी आजपतुर कुनाला खोटं सांगितलं न्हाई, म्हंत्यात."

त्यांनी दगड हातातल्या हातात फिरवला.

"खरं सांगा. दगड लावले हुते का?"

रस्त्याने दर्शनाची एक गाडी भोंगा वाजवत गेली. मी तिच्या आवाजाचा फायदा घेऊन थोडा वेळ काढला. एका बाजूला त्या माणसाचं नाव होतं, ज्याच्याइतक्या काळजीने काम करणारा मिस्त्री मी पाहिलेला नाही. मी 'हो' म्हणालो असतो तर ते निदान एका माणसापुरतं तरी धुऊन निघालं असतं. दुसऱ्या बाजूला दगड धरून उभी असलेली पाठमोरी ही बाई.

"नव्हते, वहिनी," मी म्हणालो. "राहूनच गेले होते. मी बोलणार होतो, तेवढ्यात ते आत सरकले."

हे शेवटचं वाक्य मी कुठून आणलं, मला माहीत नाही. मला खोटं बोलायची सवय नाही, म्हणून जरा जास्तच झालं.

त्या वळल्या. माझ्याकडे नीट पाहिलं. मग खालच्या दगडाकडे. आणि मग, इतक्या वर्षांनी, तो आवाज आला.

"येवढा मोठा मिस्त्री!" त्या ओरडल्या. समोरच्या हॉटेलातला कपबशा विसळणारा माणूस हात थांबवून बघायला लागला. "नगर जिल्ह्यात नाव हुतं म्हनं! दुसऱ्याला शिकवाय पुढं, अन् आपल्या वक्ताला दोन दगड लावता येईनात? डोळं कुटं गेल्ते? आं? डोकं कुटं ठिवलं हुतं? माझी समदी वर्सं गेली, म्याच गिळलं, म्याच गिळलं म्हनत... अन् ह्यो बाबा दगड इसारला!" त्यांनी दगड चाकामागे आपटला. वाकून पायाने आत सारला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड थांबत नव्हतं. जॅकच्या दांड्याच्या प्रत्येक दाबाला एक शिवी. चाकाच्या प्रत्येक नटाला एक. अशा शिव्या, ज्या गेलेल्या माणसाला कोणी देत नाही. ज्या घरात असलेल्या माणसाला जेवायला हाक मारताना देतात.

मी पुढे होऊन चाक धरलं. ते ओढून काढताना त्या म्हणाल्या, "तुमी बी बोलायचं हुतं की लवकर! मुके हुता का?" मी म्हणालो, "चुकलं." त्या म्हणाल्या, "चुकलंच!"

जुना जॉइंट त्यांनी हातोडीने काढला आणि नवा बसवला. मी फिरवून पाहिली. दोन्ही बाजूंना काही नाही.

जॉइंटचे साडेआठशे, मजुरीचे तीनशे. साडेअकराशे रुपये मी वहिनींच्या हातात दिले. त्यांनी मोजले, पदराला डोळे पुसले, आणि शेडकडे जाता जाता नवऱ्याला आणखी एक शिवी हासडली.